इंगाईचा ओटा

आमच्या कासरकोंडात एक नियम आहे. इंगाईच्या ओट्यावर कुणी बसायचं नाही, ओट्याला पाठ टेकायची नाही, आणि जत्रेच्या दिवशी इंगाईची कहाणी संपेपर्यंत पाच जणींनी डोक्यावरचा भरलेला हंडा उतरवायचा नाही. या नियमाला एक शेपूटही आहे. का, असं विचारायचं नाही.

मी लहानपणी विचारलं, तेव्हा गावचे पहिले मानकरी अण्णा गावकर म्हणाले, "रीत आहे." थोडी मोठी झाल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाले, "देवीचा कोप होतो." कॉलेजात गेल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाले, "रत्नागिरीला शिकायला पाठवली ती शिंगं फुटवून घ्यायला काय गो?" इतक्या वर्षांत उत्तरं बदलली, पण त्यांत उत्तर कुठेच नव्हतं.

कहाणी सांगायचा मान आमच्या घराचा. दर वर्षी सखाकाका सांगतो, आणि अशी रंगवून सांगतो की मांडवातले म्हातारे एक झोप काढून उठले तरी इंगाई अजून डोंगरच उतरत असते. यंदा जत्रेच्या तोंडावर त्याची दाढ काढली. तोंड नीरफणसासारखं सुजलं. मानकऱ्यांची बैठक झाली. पोरीनं कहाणी सांगायची म्हणजे रीत मोडते, आणि आमच्या घरानं नाही सांगितली तरी रीत मोडते. कमी मोडणारी रीत कोणती यावर बराच वेळ वाद झाला, आणि शेवटी मी उभी राहिले.

"आहे तशी सांग," अण्णा गावकर म्हणाले. "पदरचं घालू नको."

"नाही घालणार," मी म्हटलं.

जत्रा भरते ती वैशाखात, घाटीच्या मध्यावर. घाटी म्हणजे गावातून खालच्या विहिरीकडे उतरणारी उभी पायवाट. आमच्याकडे घरोघरी नळ आहेत, पण होळी झाली की त्यांतून वाराच येतो, म्हणून आजही उन्हाळ्यात बायका त्याच विहिरीवर जातात. या घाटीच्या अर्ध्यावर इंगाईचा ओटा आहे. समोर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर मानकरी. ओट्याच्या बाजूला पाच बायका, विहिरीवरून वर आलेल्या, डोक्यावर भरलेले हंडे. यंदा पाचांत माझी आई होती. तिचा उजवा गुडघा गेली दोन वर्षं धड नाही. तिचा नंबर आला म्हणून ती उभी होती.

मी हात जोडले आणि सुरू केलं.

फार वर्षांपूर्वी, कासरकोंडात एसटी येत नव्हती आणि बातमीसुद्धा पायी यायची, तेव्हा एक बाई डोंगर उतरून आली. ती इतकी उंच होती की रावजी गावकरांच्या पडवीत शिरताना तिचं कपाळ वाशाला आपटलं. वाशाला तडा गेला, बाईला काही झालं नाही, असं म्हणतात. वासा अजून आहे. तडाही दाखवतात.

तिच्या पाठीवर पट्टे लावलेलं मोठं पोतं होतं आणि ते तिनं स्वतःच वाहून आणलं होतं. गोऱ्या माणसाचं सामान कुणीतरी दुसरं उचलतं, एवढं गावाला ठाऊक होतं. तेव्हा ही गोरी असून गरीब आहे, असं गावानं ठरवलं आणि तिला आधी पेज वाढली.

तिचं नाव इंगेबोर्ग. गावानं ते तोंडात घोळवून पाहिलं, गिळता येईना, मग त्याचं इंगाबाई केलं. ती नॉर्वे नावाच्या देशातून आली होती. तिथे थंडीत सूर्य उगवायचंच विसरतो, असं म्हणतात. तिला एका संस्थेनं पाठवलं होतं, गावात राहून गावाची कामं करायला. संस्थेचा एक माणूस सोबत होता, तो दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होता.

रावजी गावकर म्हणजे आत्ताच्या अण्णांचे आजोबा. त्यांनी विचारलं, "हिला पगार किती?"

"नाही," संस्थेचा माणूस म्हणाला.

"नवरा?"

"नाही."

"मग काम कशासाठी करते?"

"गावासाठी."

"कुणाच्या गावासाठी?"

"तुमच्या."

 आपल्या गावासाठी तर बैठकीतल्या कुणीही कधी काम केलं नव्हतं. शेवटी सर्वानुमते ठरलं की या बाईनं आपल्या देशात काहीतरी मोठा गुन्हा केला असणार, आणि तिथल्या राजानं तिला कासरकोंडाची शिक्षा दिली असणार. म्हणून तिला माया लावावी, पण तिच्यासमोर कोयता उघडा ठेवू नये.

संस्थेचा माणूस परत गेला. इंगाबाई राहिली. तिला ठेवलं भागीच्या घरी, कारण भागीच्या गोठ्यावरचा माळा रिकामा होता. भागी म्हणजे माझी पणजी. रोज सकाळी खाली गोठ्यात भागी म्हशीशी बोलायची आणि वर माळ्यावर इंगाबाई ऐकून शिकायची. त्यामुळे तिचं मराठी स्वच्छ होतं, पण सगळं म्हशीला बोलायचं होतं. "सरक." "पाय उचल." "खा मुकाट." "गप उभी राहा." रावजी गावकरांशी ती पहिला मराठी शब्द बोलली तो "सरक" हाच. आणि गावकर सरकले. जन्मात त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती, असं म्हणतात.

"असं कुणी म्हणत नाही," अण्णा गावकर खुर्चीतून म्हणाले.

"आमच्या घरात म्हणतात."

अण्णांनी सखाकाकाकडे पाहिलं. काकानं सुजलेल्या गालावर हात ठेवला आणि आभाळाकडे पाहिलं.

इंगाबाई ऊन प्यायची. म्हणजे अख्खा गाव दुपारी सावली धरून बसे, तेव्हा ही खळ्यात उन्हात बसे, डोळे मिटून, तोंड वर करून. तिच्या देशात जे ऊन सांडलं नाही ते सगळं ती इथे वसूल करत होती. थोड्याच दिवसांत ती शिजवलेल्या कुर्लीसारखी लाल झाली. मग साल निघाली, आतून नवी गोरी बाई निघाली, तीही लाल झाली. अशी तिनं वर्षात पाच वेळा कात टाकली, असं म्हणतात. गावातले नाग तिला वाट द्यायला लागले ते तेव्हापासून.

तिनं पहिलं काम काढलं ते धुराचं. स्वयंपाक करताना बायकांचे डोळे गळतात हे तिला बघवेना. तिनं रावजी गावकरांच्या घरी मातीची नवी चूल बांधली आणि धूर जायला छपरातून नळी काढली. पहिल्या दिवशी बायको न रडता भाकरी थापते आहे हे पाहून गावकर घाबरले. त्यांना वाटलं, हिचा संसारातून जीव उडाला. पण खरी गंमत पावसाळ्यात झाली. आपल्याकडे धूर वर जातो तो वासे राखतो. धूर आहे तोवर लाकडाला भुंगा लागत नाही. धूर बाहेर गेला आणि भुंगा आत आला. गावकर जेवायला बसले की भातावर लाकडाचा भुसा पडू लागला. एके दिवशी त्यांनी आमटीबरोबर तोही खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाले, आणि मग खरं काय ते कळल्यावर तीन दिवस बोलले नाहीत.

इंगाबाईनं अर्धी नळी काढून टाकली. तेव्हापासून अर्धा धूर बाहेर, अर्धा घरात, आणि रडणं अर्धं. कासरकोंडातली ती पहिली तडजोड.

आईनं वजन डाव्या पायावर घेतलं. हंड्यातलं पाणी डचमळलं. मी जरा भरभर सांगू लागले.

दुसरं काम टोप्यांचं. पौषात म्हातारे पहाटे कानाला फडकी बांधून खोकत बसतात हे इंगाबाईनं पाहिलं. तिनं घरून लोकर मागवली आणि घरटी एक कानटोपी विणली. लाल, पिवळी, हिरवी. म्हाताऱ्यांनी एक थंडी टोप्या घातल्या. उन्हाळा आला आणि टोप्या डोक्यांवरून गेल्या. इंगाबाईनं विचारलं, टोपी कुठे? जो तो म्हणाला, जपून ठेवली आहे. मग एके सकाळी तिला भागी दिसली. घाटीकडून येत होती, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि हंड्याखाली चुंबळ म्हणून चिंध्या भरून गोल केलेली लाल कानटोपी. तिच्या मागे दुसरी, पिवळ्या टोपीवर हंडा. तिच्या मागे हिरवी. म्हाताऱ्यांच्या कानांसाठी विणलेली सगळी लोकर बायकांच्या टाळूखाली निघाली. इतकी मऊ चुंबळ गावात कधी झाली नव्हती, असं म्हणतात.

इंगाबाई रागावली नाही. तिनं विचारलं, "कुठे?" आणि भागीनं घाटीकडे बोट केलं.

गावात राहून तिला वर्ष होत आलं होतं. ती रोज पाणी पीत होती, पण ते येतं कुठून हे तिनं पाहिलं नव्हतं. घरातल्या पुरुषांनीही पाहिलं नव्हतं, तेव्हा तिला एकटीला दोष नको. दुसऱ्या दिवशी ती भागीबरोबर खाली उतरली. दोघी बायकांनी उचलून हंडा तिच्या डोक्यावर ठेवला, कारण भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. ती घाटी चढू लागली. अर्ध्यावर आली, जिथे आत्ता आपण आहोत, आणि तिचा दम संपला. तिनं हंडा खाली ठेवला.

भागी पुढे गेली होती. ती वळून ओरडली, "अगो बाये, ठेवू नको," पण तोवर ठेवला गेला होता.

खाली ठेवलेला हंडा उचलून देणार कोण? मागून येणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा. ती थांबे, "काय गो केलंस हे," असं डोळ्यांनीच म्हणे, आणि पुढे जाई. मान हलवली तर पाणी सांडलं असतं. तेव्हा इंगाबाईला कळलं की आमच्या बायका एकदा हंडा डोक्यावर आला की घरापर्यंत थांबत नाहीत. हे कष्टाळूपण नव्हतं. थांबायची सोयच नव्हती. ती हंड्याशेजारी बसून राहिली. ऊन कलल्यावर एक बकरी आली आणि निम्मा हंडा पिऊन गेली. मग तो हलका झाला आणि इंगाबाई घरी आली. ती बकरी साक्षात गंगामाई होती, असं म्हणतात. बकरीचा मालक म्हणायचा, त्या दिवसापासून तिचं दूध पातळ झालं.

मांडवात हशा झाला. मानकरीही हसले. इथवर सखाकाकाही साधारण असंच सांगतो. मग तो म्हणतो की इंगाईनं त्या जागी पाय आपटला, एका रात्रीत ओटा उठला, ती त्यावर बसली आणि उन्हात विरून गेली. जाताना म्हणाली, "ही जागा माझी, इथे कुणी बसू नये." एवढं झालं की अण्णा नारळ फोडतात, पाची जणी ओट्यावर हंडे ओततात, आणि प्रसाद.

पण आमच्या घरात कहाण्या दोन आहेत. एक पुरुष मांडवात सांगतात. दुसरी भागीनं माझ्या आजीला सांगितली, आजीनं आईला आणि आईनं मला, भाकऱ्या थापताना. मी आईकडे पाहिलं. तिला मान हलवता येत नव्हती. तिनं डोळे मिटले आणि उघडले.

मी पुढे सांगू लागले.

इंगाबाई बैठकीत गेली आणि तिनं हातांनी हवेत दाखवलं: दोन पायऱ्यांचा ओटा. खालची पायरी गुडघ्याएवढी, बसायला. वरची खांद्याएवढी, हंडा ठेवायला. डोक्यावरचा हंडा सरळ वरच्या पायरीवर सरकवायचा, खाली टेकायचं, दम खायचा, आणि उठून परत डोक्यावर घ्यायचा. कुणाचा हात लागायला नको.

"हे कहाणीत नाही," अण्णा गावकर म्हणाले.

"पुढे येतंय. रावजी गावकरही येतायत. तुमच्या आजोबांचा मान मी कसा टाळणार?"

रावजी गावकर म्हणाले, "त्यापेक्षा बैठकीसाठी पत्र्याची शेड बांध. आम्ही उन्हातान्हात बसतो."

"तुम्ही बसता," इंगाबाई म्हणाली. "त्या नाही बसत."

"बायका बसल्या की बोलतील."

"हो."

"बोलल्या की पाण्याला उशीर."

"हो."

 शेवटी गावकर म्हणाले, "गावातला एक पुरुष या कामाला दगड उचलणार नाही."

"सरक," इंगाबाई म्हणाली, आणि त्यांच्यामधून वाट काढून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर जाणारी प्रत्येक बाई रिकाम्या हंड्यात एक दगड घालून नेऊ लागली. जाताना दगड, येताना पाणी. कुणाच्या परड्याचा गडगा ढासळला होता, कुणाच्या मागच्या दारची पायरी निघाली होती, ते सगळं घाटीच्या मध्यावर आलं. इंगाबाई चिखल कालवायची आणि दगड बसवायची. वरच्या पायरीची उंची ठरवायला तिनं भागीला उभं केलं आणि तिच्या खांद्याशी रेघ मारली. हे काम महिनाभर चाललं. एक दिवस रावजी गावकरांचा बैल सुटून घाटीत गेला, त्याला शोधत ते खाली उतरले, आणि त्यांना समोर ओटा दिसला. म्हणून ओटा एका रात्रीत उठला, असं म्हणतात. पुरुष घाटीत कधी जातच नव्हते. त्यांच्यासाठी तो एका रात्रीतच उठला होता.

मागे उभ्या असलेल्या बायकांत कुणीतरी पदरात हसलं.

बायका बसू लागल्या. आणि गावकरांचं खरं झालं, त्या बोलू लागल्या. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट उघडी पडली. भागीला घरात सांगितलं जायचं, "शेजारीण बघ, चार खेपा करते, तोंडातून शब्द नाही." शेजारणीला सांगितलं जायचं, "भागी बघ." गावकरांची बायको म्हणाली, मला तर तुम्हा दोघींची नावं सांगतात. ओट्यावर बसून बायकांनी हिशेब केला, तेव्हा गावात तोंडातून शब्द न काढणारी बाई कुठेच निघेना. ती बाई फक्त पुरुषांच्या तोंडात राहत होती. त्या दिवशी बायका इतका वेळ हसल्या की गावाला दुपारचं जेवण संध्याकाळी मिळालं, असं म्हणतात.

रावजी गावकर खवळले. त्यांनी पहार घेतली आणि ओटा पाडायला निघाले. पण आधी विहिरीपर्यंत उतरले, सगळ्या बायकांना तिथे गाठून दम भरायला. दम भरून झाला, आणि मग त्यांना घाटी चढावी लागली. तळापासून, जन्मात पहिल्यांदा, वैशाखात, हातात पहार. अर्ध्यावर येईतो त्यांच्या तोंडाला फेस आला. ओट्यापाशी इंगाबाई उभी होती. ती म्हणाली, "बस." आणि गावकर बसले. तिनं भागीच्या हंड्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. ते प्यायले. तीन ओंजळी प्यायले आणि उतरत्या उन्हापर्यंत उठले नाहीत. देवीनं त्यांना धरून ठेवलं, असं म्हणतात. भागी म्हणायची, पोटरीत गोळे आले होते.

 अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

ज्या ओट्यावर आपण सगळ्या बायकांसमोर बसलो तो पाडायचा कसा? गावकरांनी पहार तिथेच टाकली. पुढच्या वर्षी इंगाबाईची मुदत भरली. गावानं तिला शाल दिली, नारळ दिला, आणि गावकरांनी तिच्या कौतुकाचं इतकं लांब भाषण केलं की तिलाही कळलं, हे लोक आपण जाण्याची वाट पाहतायत. तिनं भाषण केलं नाही. बायकांना म्हशीसारखंच म्हणाली, "बसा." पोतं पाठीवर घेतलं आणि डोंगर चढून गेली. माथ्यावर ऊन होतं. त्या उन्हात ती दिसेनाशी झाली, एवढं मात्र खरं आहे. उन्हात सगळेच दिसेनासे होतात.

ती जाऊन महिना झाला नाही तोच गावकरांना स्वप्न पडलं. इंगाबाई देवी होती. ओटा हे तिचं आसन. दुसऱ्या दिवशी ओट्याला शेंदूर लागला, भगवं निशाण लागलं, नाव इंगाई झालं. बायकांना आनंदच झाला. आपल्या बाईचा मान होतोय म्हणून त्यांनीच हळदकुंकू नेलं, त्यांनीच ओवाळलं. आणि ओवाळून झाल्यावर त्या टेकायला गेल्या, तर गावकर म्हणाले, "हां. देवीच्या आसनावर?"

जे पाडता येत नाही त्याला शेंदूर फासावा, ही युक्ती रावजी गावकरांची. कासरकोंडात याहून हुशार माणूस झाला नाही, असं म्हणतात.

तेव्हापासून आपण इंगाईची जत्रा करतो. तिला आवडायचा म्हणून सालासकट उकडलेला बटाटा आणि बिनदुधाची कॉफी असा नैवेद्य दाखवतो. तिची गुरू म्हणून आधी म्हशीला ओवाळतो. तिनं टोप्या दिल्या म्हणून मानकरी वैशाखाच्या या उन्हात लोकरीच्या कानटोप्या घालून बसतात. बघा, बसलेच आहेत. आणि ती दमली म्हणून ओट्याला थंड करायला पाच जणी विहिरीवरून हंडे घेऊन चढतात, आणि ज्या ओट्यावर हंडा टेकवावा म्हणून तो बांधला त्याच्याशेजारी कहाणी संपेपर्यंत उभ्या राहतात.

मी थांबले. 

अण्णा गावकरांच्या कपाळावरून टोपीखालून घाम उतरत होता. पण आवाज त्यांनी मऊ ठेवला. "झालं ना तुझं? आता शेवटचं वाक्य म्हण पोरी. 'ही जागा माझी, इथे कुणी बसू नये.' मी नारळ फोडतो. बायका दमल्यात बघ."

"दमल्यात ना?"

"मग? इतका वेळ उभ्या आहेत."

"मग बसू दे त्यांना."

"आधी वाक्य म्हण. त्याशिवाय कहाणी संपत नाही."

"ती तसं म्हणाली नव्हती," मी म्हटलं. "ती 'बसा' म्हणाली होती. मी दुसरं काही म्हणणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही. सखाकाकाला विचारा, त्याला म्हणायचं असेल तर."

सगळ्यांनी सखाकाकाकडे पाहिलं. त्याला बोलता येत नव्हतं हे खरं, पण मान हलवता येत होती. त्यानं ती हलवली नाही. कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मी आईजवळ गेले. "आई, बस," मी म्हटलं.

आईनं मानकऱ्यांकडे पाहिलं नाही. ती ओट्याकडे पाठ करून वळली, एक पाऊल मागे सरली, आणि तिनं डोक्यावरचा हंडा हळूच वरच्या पायरीवर सरकवला. पायरी बरोबर खांद्याशी आली. कुणाचा हात लागायला नको होता. मग ती खालच्या पायरीवर शेंदरावर बसली आणि तिनं उजवा पाय लांब केला. तिच्यामागोमाग बाकीच्या चौघींचेही हंडे एकेक करून टेकले.

"कोप झाला तर?" अण्णा गावकर म्हणाले.

"होऊ दे," आई म्हणाली. "जरा दम खाते, मग बघते."

अण्णांनी तोंड उघडलं. बाकीच्या मानकऱ्यांकडे पाहिलं. ते आपापल्या टोपीच्या कडेनं घाम पुसत होते.  ओट्यावर पाच हंडे ओळीनं उभे होते आणि त्यांतलं पाणी हलायचं थांबलं होतं.